टोटल कोलेस्टेरॉल २१२ आलंय, टेन्शन घ्यायचं का?

वय ४१, काही त्रास नाही, सहज म्हणून चेकअप केलं तर टोटल २१२ आणि पुढे जाड अक्षरात एच (म्हणजे हाय) छापलाय. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०, व्हीएलडीएल ६२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११२. गंमत म्हणजे मित्राचं टोटल पण २१२च आणि त्याला डॉक्टर म्हणाले गोळी नको, वजन सांभाळा बस. मग माझं पण तसंच ना? माझी अपॉइंटमेंट सोमवारी आहे, तोवर जिवाला घोर.

प्रतिसाद १
टोटल ही नुसती बेरीज आहे हो, तिच्यावरून काही कळत नाही. मित्राचे बाकीचे आकडे टाका.

प्रश्नकर्ता
त्याचं एचडीएल ७०, ट्राय ८०, एलडीएल १२६. म्हणजे एलडीएल तर माझंच कमी की!

प्रतिसाद २
इथेच फसायला होतं. बऱ्याच लॅब एलडीएल मोजतच नाहीत, हिशोबाने काढतात, टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायचा पाचवा भाग (तेच तुमचं व्हीएलडीएल) वजा. तुमचंच करून बघा, २१२ वजा ३८ वजा ६२, आले ना ११२? आता ट्राय वाढलं की वजा होणारा आकडा फुगतो आणि एलडीएल उगाच छान दिसायला लागतं, ट्राय ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरतच नाहीत. त्यापेक्षा टोटलमधून नुसतं एचडीएल काढा, त्याला नॉन एचडीएल म्हणतात, म्हणजे चांगलं सोडून बाकीचं सगळं. तुमचं १७४, मित्राचं १४२. साधारण १३० च्या आत बरं समजतात, म्हणजे मित्रानेही फार उड्या मारू नयेत.

प्रतिसाद ३
उपाशीपोटी दिलं होतं का रक्त?

प्रश्नकर्ता
नाही, नाश्ता करून गेलो होतो, आणि आदल्या रात्री पार्टी 🙈

प्रतिसाद ३
मग घ्या! खाणं आणि दारू दोन्हीने ट्राय चढतं. दोनतीन दिवस दारू बंद ठेवून, १०-१२ तास उपाशी राहून परत करा. पण एचडीएल ३८ चं खापर नाश्त्यावर फोडू नका, ते एका जेवणाने फारसं हलत नाही, पुरुषांना ४० च्या खाली कमीच धरतात. एचडीएल कमी आणि ट्राय जास्त अशी जोडी दिसली की शुगर पण बघून घ्यावी, आणि थायरॉइड. बीपी, सिगारेट, घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आलाय का हे सगळं धरूनच डॉक्टर गोळीचं ठरवतात.

प्रश्नकर्ता
शुगर कधीच केली नाही. आणि वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, हे सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

प्रतिसाद २
अहो, ते सगळ्यात आधी सांगा सोमवारी.