मेसचं पातळ वरण सोडलं: महिन्याला साडेतीन हजारांत पुरेशी प्रथिनं मिळतात, रडगाणं बंद करा

माणदेशी

पुण्यात पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, हे चौथं वर्ष. खोलीत आम्ही तिघं. दोन वेळची मेस ३,२०० रुपये. मेसचं वरण कसं असतं ते खाल्लेल्याला सांगायला नको. जानेवारीत एकदा मी डब्यातलं वरण पेल्यात ओतून तासभर तसंच ठेवलं. वर पिवळं पाणी आणि तळाला करंगळीच्या पेराएवढी डाळ. आपण नेमकं काय खातोय ते एकदा मोजायचंच, असं त्याच दिवशी ठरवलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस अशी आहे की, मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. माझं वजन ६२, म्हणजे साधारण ५१ ग्रॅम. संध्याकाळची मेस बंद केली. दुपारची एक वेळ १,७०० ला मिळते. रात्रीला पोळी-भाजी केंद्रातून दोन ज्वारीच्या भाकरी, ३० रुपये. बाकीचं खोलीतच, एका इलेक्ट्रिक किटलीवर:

सकाळी ५० ग्रॅम हरभरे (कोरडे असतानाचं वजन), रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले, उकळत्या पाण्यात ठेवून मऊ केलेले. त्यातून १० ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. मूठभर भाजलेले शेंगदाणे, ७. रात्री भाकरीबरोबर ३० ग्रॅम सोयावडी. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, दोनदा घट्ट पिळायची (पहिलं पाणी टाकलं नाही तर उग्र वास राहतो), मग कांदा, लिंबू आणि घरून आलेली लसणाची चटणी. १५ ग्रॅम. हे ४४ झाले. दुपारच्या जेवणातले आणि भाकरीतले धरलेच नाहीत, ते धरले तर सत्तरच्या पुढे जातं.

या चार वस्तूंचा खर्च आमच्या वाण्याच्या भावानं दिवसाला २८ रुपये. म्हणजे मेस, भाकरी आणि हे सगळं मिळून महिन्याला ३,४४०. आधीपेक्षा २४० रुपये जास्त. तीन महिन्यांत दुपारी वाचनालयात डोळ्यांवर येणारी झापड गेली.

सोबतचे दोघं अडीच-तीन हजारांचा पावडरीचा डबा आणतात आणि महागाईच्या नावानं रडतात. पैसे नाहीत म्हणून प्रथिनं नाहीत हे मला अजिबात पटत नाही. करायचं नसतं, एवढंच.

निलंग्याची_लेक

दादा, हिशोब चांगला मांडलास, पण तो तुझ्या खोलीचा आहे. आम्ही चौघी मुली राहतो तिथं घरमालकांची पहिली अट: अंडी आणायची नाहीत, बाहेरून उकडूनसुद्धा नाहीत. दुसरी अट: इस्त्री, किटली, शेगडी काहीही लावायचं नाही. मागच्या वर्षी एकीची किटली काढून घेतली, ती खोली सोडताना परत मिळाली. तुझ्या यादीतली अंडी गेली, किटलीवरचे हरभरे गेले, सोयावडी गेली. उरले शेंगदाणे.

कच्चे मोडाचे हरभरे मी आठवडाभर खाऊन बघितले. पोट फुगायचं, आणि वाचनालयात नऊ-दहा तास बसायचं असतं. अर्ध्या पेपरात पोटात कळा आल्या, तेव्हा बंद केलं. आता फुटाणे खाते. ५० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रथिनं त्यातही मिळतात आणि शिजवायला लागत नाहीत. पण रोज फुटाणे, शेंगदाणे आणि दही याच्यावर किती दिवस काढायचे? "करायचं नसतं" हे वाक्य मला लागलं, म्हणून लिहिलं.

तांबडी_माती

०.८३ हा आकडा साध्या माणसाचा. तालमीत मेहनत करणाऱ्याला त्याच्या दुप्पट धरायला लागतंय. कोल्हापुरात आमच्या वस्तादांनी पोरांना दूध आणि थंडाई लावली, पण आज दूध साठ रुपये लिटर आणि लिटरमागं प्रथिनं ३२ ग्रॅम. तेवढीच सव्वाशे ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात, वीस रुपयांच्या आत. पावडरीबद्दल माणदेशीशी सहमत. गरीब घरचं पोरगं पावडरीसाठी उसनं काढतंय हे मी डोळ्यानं बघितलंय.

वेंगुर्ल्याची

सगळे हरभरे आणि सोयाबीन यातच अडकलात. आमच्याकडे पावसाळ्यात होडी बंद, बाजारात मासळी नाही, तेव्हा काय खायचे? सुकट आणि कुळथाची पिठी. सुक्या जवळ्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. फ्रीज लागत नाही, मूठभर पुरतो. निवडायचा, रेती जाईपर्यंत धुवायचा, तव्यावर कोरडाच परतायचा, त्यात कांदा, मिरची, कोकम. पाच मिनिटांचं काम. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी खारवलेल्या सुक्या माशांपासून जरा लांब राहावं, मीठ फार असतं.

आणि कुळीथ. माझी आजी भातावर पिठी वाढताना म्हणायची, पिठी पळीला धरली पाहिजे. ती घट्टच करायची असते, पातळ केलीत तर मेसचं वरण आणि ती सारखीच.

विडीवाली_सोलापूर

बाळा, तू माझ्या पोराच्या वयाचा आहेस म्हणून शांतपणे लिहिते.

आमचं पाच माणसांचं घर. मालक यंत्रमागावर, मी विड्या वळते, सासूबाई आणि दोन पोरं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. पण त्यात गहू-तांदूळ, डाळ नाही. २०२२ च्या दिवाळीला आनंदाचा शिधा आला, १०० रुपयांत रवा, साखर, तेल आणि एक किलो हरभरा डाळ. ती एक किलो डाळ पाच माणसांत किती दिवस जाते ते तूच मोज.

तू माणशी ५० ग्रॅम हरभरे म्हणतोस. पाच माणसं, दिवसाला पाव किलो, महिन्याला साडेसात किलो. तूरडाळ १३० नं धरली तर ९७५ रुपये. मी महिन्याला तीन किलो आणते. म्हणजे माणशी रोज २० ग्रॅम. आमटी सगळ्यांना पुरायला हवी, म्हणून पाणी घालावं लागतं. मेसवाल्याला तू नावं ठेवलीस, घरातल्या बाईलाही तेच करावं लागतं.

वाढताना काय होतं ते सांगते. पळी खाली घालून घट्ट आमटी आधी मालकांना, कारण ते बारा तास उभे असतात. मग पोरांना, मग सासूबाईंना, त्यांना दात नाहीत म्हणून भाकरी कुस्करून. मी बसते तेव्हा पातेल्यात जे राहिलेलं असतं ते खळखळ पाणी. त्यात भाकरी आणि वर शेंगाचटणी. मी हे कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मोठीच्या वेळेला सातव्या महिन्यात डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी आहे, डाळी खा. डाळ घरात होती. माझ्या वाटीत नव्हती.

तेव्हा "करायचं नसतं" असं लिहू नये.

सेविका_नंदुरबार

मी आजपर्यंत गप्प वाचत होते, सोलापूरच्या ताईंनी जे लिहिलं ते वाचून आता लिहिते.

मी अंगणवाडीत १७ वर्षं आहे. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण. आम्ही बायकांना अंगणवाडीत बसूनच जेवायला लावतो. सुरुवातीला काही जणी डबा मागायच्या. डबा घरी गेला की अंडं धाकट्याला, भाजी नवऱ्याला. समोर बसवलं की तिच्याच पोटात जातं. योजनेतलं सगळ्यात कामाचं मला हेच वाटतं.

शाळेचंही तसंच आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची असं ठरलेलं आहे. २०२३ च्या शेवटी राज्यानं आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला. ज्या पोरांना घरी अंडं दिसत नाही, त्यांच्या ताटातलं तेवढं एक गेलं. याचा मला राग आहे.

माणदेशी भाऊंना दोन गोष्टी. पोटभर भाकरी-भात नसेल तर खाल्लेली प्रथिनं शरीर सरपणासारखी जाळतं, म्हणून आधी पोट भरायला हवं. दुसरं, गहू-ज्वारीत लायसीन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी आणि डाळींत भरपूर, म्हणून भाकरी-पिठलं, खिचडी, वरण-भात ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. तुम्ही भाकरीतले ग्रॅम सोडून दिलेत, ते सोडू नका. दोन भाकरीत बारा-तेरा ग्रॅम असतात.

सोलापूरच्या ताईंना एक सुचवते. दळणातच घाला. पाच किलो गव्हाला एक किलो हरभरे, गिरणीत एकत्र दळून आणायचे. पोळी सगळ्यांना सारखीच मिळते, तिच्यात तळ आणि वरचं पाणी असं काही नसतं.

तांबडी_माती

ताई, हिशोब केला का? गव्हाच्या पिठात शंभराला साडेदहा, हरभरे घातल्यावर बारा. दिवसाला पाव किलो पीठ खाल्लं तरी चारच ग्रॅम वाढले. त्यासाठी किलोभर हरभऱ्याचे नव्वद रुपये.

सेविका_नंदुरबार

चार ग्रॅम खरे. पण ते चार ग्रॅम तिच्या पोटात जातात. तुमचे शेंगदाणे डब्यातच राहतात, पोरं शाळेतून आली की संपतात. शिवाय जे लायसीन गव्हात कमी पडतं तेच हरभऱ्यातून येतं, त्यामुळे गव्हातली प्रथिनंही जास्त कामी येतात. आमच्या भागात वजन न वाढणाऱ्या बायकांना मी हेच सांगते.

विडीवाली_सोलापूर

पाचाला एक घालून मागं एकदा बघितलं होतं. पोळी लाटताना कडेला चिरते आणि गार झाली की कडक. मालकांनी डबा तसाच परत आणला. आता पाचाला अर्धा किलो घालून बघते, पीठ कोमट पाण्यात मळून. नव्वदचे पंचेचाळीस झाले, तेवढे निघतील.

माणदेशी

काकू, ते वाक्य चुकलं. खाडाखोड करत नाही, कारण खालची उत्तरं त्यावरच आहेत, पण ते मी मागे घेतो. मी एकट्या माणसाचा हिशोब लिहिला, ज्याची किटली आणि वाटी त्याचीच आहे.

हरभऱ्यांचा मुद्दा मात्र सोडत नाही. माझ्यासारखी हजारो पोरं या पेठांत आहेत ज्यांच्याकडे किटली आहे, तीन हजार आहेत आणि तरी ती पातळ वरण पिऊन आजारी पडतात. त्यांना हे सांगायलाच हवं.

तुमचं वाचून काल रात्री घरी फोन केला. आईला विचारलं, तू जेवायला बसतेस तेव्हा कालवणात काय राहिलेलं असतं? ती म्हणाली, "असतंय की." पुन्हा विचारलं तर म्हणाली, "तुझा अभ्यास कुठवर आला?" रविवारी गावी जातोय.

निलंग्याची_लेक

सगळं वाचलं, पण घरमालकांच्या अटीवर कुणीच काही बोललं नाही. आमच्यासारख्या मुलींना पैसे असूनही अंडं खाता येत नाही, ही अडचण महागाईची नाही. फुटाणे, दही चालू आहे, सेविकाताईंचं वाचून पोळी-भाजी केंद्रातल्या काकूंना दळणात हरभरे घालाल का विचारणार आहे. जूनमध्ये आमचा करार संपतो. नवी पेठ किंवा शास्त्री रोडच्या आसपास, जिथं किटली आणि अंडी चालतात अशी चौघींसाठी खोली कुणाला माहीत असेल तर इथंच सांगा. भाडं माणशी चार हजारांपर्यंत.