तारापूर एमआयडीसीत नोकरी: घर बोईसरला, पालघरला की विरारला?

फिरता पाना
नमस्कार मंडळी. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात मेंटेनन्सला रुजू व्हायचं आहे, तिन्ही शिफ्ट लागणार. सोबत पत्नी, पहिलीतली मुलगी आणि आई. आईला दमा आहे, म्हणून मुख्य प्रश्न हवेचा. बोईसरमध्ये वास कुठल्या बाजूला कमी येतो? की सरळ पालघर किंवा विरारला राहून लोकलने ये-जा करावी? पिण्याच्या पाण्याचं काय? आणि घरात मासळीशिवाय चालत नाही, ती कुठून आणावी? एजंट प्रत्येक बिल्डिंगबद्दल "इथे काहीच त्रास नाही" असंच सांगतोय.

आगरवाट
भाड्याच्या आधी वारा बघा. एमआयडीसी आहे स्टेशनच्या पश्चिमेला, म्हणजे गाव आणि समुद्र यांच्या मधोमध. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा आणि जोराचा असतो, शिवाय पाऊस हवा धुऊन काढतो, त्यामुळे त्या चार महिन्यांत वासाचा अंदाज येतच नाही. जुलैत घर बघून पागडी दिली आणि डिसेंबरात पस्तावले, असं इथे सर्रास होतं. खरा त्रास ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दुपारी समुद्रावरून येणारा वारा धूर स्टेशनकडे ढकलतो. रात्री जमीन गार झाली की वारा उलटतो आणि तोच वास पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली या बाजूला जातो. सगळ्यात वाईट वेळ मध्यरात्रीनंतरची ते उजाडेपर्यंतची. वारा पडलेला असतो, खाली गार हवा आणि वर उबदार थर, त्यामुळे चिमणीतून निघालेलं काही वर जातच नाही.

म्हणून फ्लॅट दुपारी बघू नका. रात्री अकरा-साडेअकराला एकदा आणि पहाटे पाचला एकदा जाऊन त्या इमारतीखाली पंधरा मिनिटं उभे राहा. वॉचमनला विचारा, एजंटला नको. जवळचा नालाही पाहून घ्या. पाण्याला रंग किंवा फेस असेल तर तळमजला आणि पहिला मजला सोडून द्या.

आईंना दमा आहे म्हटल्यावर माझं स्पष्ट मत: बोईसर पश्चिम नकोच. पालघर घ्या. ते दक्षिणेला साधारण १२ किलोमीटरवर आहे आणि २०१४ पासून जिल्ह्याचं ठिकाण असल्याने डॉक्टर, शाळा, कार्यालयं तिथे हाताशी आहेत. पालघरचं भाडं झेपलं नाही तर मधलं उमरोळी बघा, पण तिथे बाजार तुटपुंजा आहे. बोईसरलाच राहायचं तर रेल्वेच्या पूर्वेला, फाटकापासून जमेल तितकं आत.

सव्वासातची लोकल
विरारचा विचार शिफ्ट बघून करा. विरार ते बोईसर ४० किलोमीटरच्या वर अंतर, लोकलला पाऊण तास ते तास. जनरल शिफ्टला हे जमतं, हजारो लोक करतात. पण दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटली की गेटवरून रिक्षाने स्टेशन गाठेपर्यंत विरारकडची शेवटची गाडी गेलेली असू शकते. रुजू होण्याआधी रात्री दहानंतरच्या आणि पहाटे सहाच्या आधीच्या गाड्या वेळापत्रकात बघून कागदावर लिहून काढा.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, पण विरारच्या पुढे आजही दोनच रुळ. मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या त्याच रुळांवरून जातात, त्यामुळे मागून एक्सप्रेस आली की लोकल बाजूला घेतात. केळवे रोड किंवा पालघरला दहा-पंधरा मिनिटं थांबणं ही नेहमीची गोष्ट. चौपदरीकरणाचं काम चालू आहे, ते होईपर्यंत हजेरीच्या वेळेच्या आधीची एक गाडी धरा. पास लोकलला चालतो. सुपरफास्ट गाडीत तोच पास दाखवलात तर दंड बसेल, त्याला वेगळा अधिभार भरावा लागतो.

पालघरहून येणार असाल तर रात्रपाळीला कंपनीची बस कुठल्या नाक्यावरून उचलते ते एचआरला आधीच विचारा आणि त्या नाक्यापासून चालत जाता येईल असं घर शोधा. बाइकने यायचं ठरवलंत तर पावसाळ्यात रात्रीचे खड्डे दिसत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

निवळी
पाण्याबद्दल. या पट्ट्यात नळाला येणारं चांगलं पाणी सूर्या नदीचं. सोसायटीला विचारायचा प्रश्न एकच: पिण्याची लाइन कुठली आणि बोअरवेल त्याच टाकीत सोडता का? बऱ्याच इमारतींत दोन्ही एकाच टाकीत मिसळतात आणि उन्हाळ्यात टँकरही त्याच टाकीत रिकामा होतो.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ५०० च्या खाली आकडा असेल तर चव बरी लागेल, २००० च्या वर गेला तर ते पाणी स्वयंपाकालाही नको. पण मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. सॉल्व्हंट किंवा रंगाचा अंश त्यात दिसत नाही. म्हणून एमआयडीसीलगतच्या बोअरच्या पाण्याला पिवळट झाक किंवा औषधी वास असेल तर आरओच्या भरवशावर ते पिऊ नका. वास हातात ओळखू येत नाही. काचेची बाटली अर्धी भरून झाकण लावा, तासभर उन्हात ठेवा आणि उघडल्या उघडल्या हुंगा.

एसी घेणार असाल तर बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर संरक्षक लेप आहे ना, ते बघून घ्या. खारी हवा आणि आम्लाची वाफ एकत्र आली की साध्या कॉइलला बारीक भोकं पडतात आणि गॅस उडतो. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने ती कॉइल धुवा, प्रेशर पंप लावू नका, पाती वाकतात. खिडकीच्या ग्रिललाही दर वर्षी रंग लागतोच.

फिरता पाना
सगळ्यांचे आभार. पालघर जवळजवळ नक्की. एक भीती विचारतो: गॅसगळती झाली तर नेमकं काय करायचं? आणि अणुवीज केंद्र इतकं जवळ आहे, त्याचं काय?

लाल शिट्टी
हे घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. पळण्याआधी वाऱ्याची दिशा बघा: कारखान्यावरचा वारा दाखवणारा मोजा, झेंडा, चिमणीचा धूर. वाऱ्याच्या दिशेने पळालात तर गॅस तुमच्या सोबतच धावतो, आणि उलट पळालात तर गळतीच्या तोंडावर जाल. म्हणून वाऱ्याला आडवं जायचं, धुराचा पट्टा ओलांडून बाजूला निघायचं. ओला रुमाल नाकातोंडावर धरा. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, तिथे ओल्या कापडाचा चांगला उपयोग होतो.

क्लोरीन आणि ब्रोमीन हवेपेक्षा जड. ते नाल्यात, तळघरात, पार्किंगमध्ये साचतात. तेव्हा घरात असाल तर वरच्या मजल्यावर जा, खिडक्या लावा, दाराखाली ओला टॉवेल, एसी आणि एक्झॉस्ट बंद. बाहेर लालसर तपकिरी धूर दिसला तर ब्रोमीन किंवा नायट्रोजनचे ऑक्साइड समजा. त्यात एक धोका असा की सुरुवातीला फक्त खोकला येतो आणि फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं. बरं वाटलं तरी माणसाला दवाखान्यात न्यायचंच. फोन ११२ वर. बघायला गर्दी करू नका, व्हिडिओ काढायला तर मुळीच नाही.

अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, ५४० मेगावॅटच्या दोन नव्या २००५-०६ मध्ये आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन असतं, बोईसर त्यात येतं. वेळोवेळी सराव होतात, सायरन वाजला की आधी तो सराव आहे का ते प्रशासनाच्या सूचनेतून समजून घ्या. सूचना आली तर घरात थांबायचं, दारं-खिडक्या बंद. आयोडीनच्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत, त्या सांगितल्यावरच. रोजच्या जगण्यात मात्र इथे खरी जोखीम रासायनिक कारखान्यांची आहे, शिकायचं ते त्यासाठी.

वलांडी
मासळीचं राहिलं. पालघरला राहणार म्हणजे सातपाटी आणि मुरबे जवळ. बाजारातून घेण्यापेक्षा बंदरावर जा, पण घड्याळ बघून नव्हे, तिथी बघून. ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. खाडीत गाळ साचलाय, त्यामुळे होड्या भरतीच्या पाण्यावरच आत येतात. त्या वेळेला पोहोचलात की माल टोपलीत पडताना मिळतो.

बोंबील, जवळा, करंदी डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात लागतात आणि त्या जाळ्याला पाण्याची ओढ लागते. म्हणून उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, बोंबील भरपूर आणि स्वस्त. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, कमी आणि महाग. ताजा बोंबील गुलाबी, अंगातून जरासा आरपार दिसणारा. दुधासारखा पांढरा पडून पाणी सोडायला लागला की नको. पापलेट घेताना कल्ला उघडून लाल आहे ना बघा, आणि तळहाताएवढं छोटं पिल्लू स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे, पण पिल्लंच उचलली तर पुढे मोठं येणार कुठून?

जून-जुलै बंदी, तेव्हा सुक्यावर भागवायचं. सुके बोंबील मार्च-एप्रिलमध्येच भरून ठेवा. इथे बोंबलाला मीठ लावत नाहीत. दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या बांबूच्या वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर टांगतात, कोरड्या वाऱ्यात तीन-चार दिवसांत कडकडीत होतात. मोडून बघा, कट्‌कन तुटला तर घ्या. वाकला तर आत ओल आहे, पावसाळ्यात बुरशी येणार.

नवापूरच्या बाजूचं एक सांगायलाच हवं. एमआयडीसीचं सांडपाणी प्रक्रियेनंतर पाइपलाइनने तिथल्या समुद्रात जातं आणि त्याविरुद्ध इथल्या मच्छीमारांची मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली. मुलीला पाण्यात खेळायला तिकडे नेऊ नका. त्यासाठी केळवे किंवा शिरगाव, तेही ओहोटी लागायच्या आत बाहेर यायचं.