तुरुंगातून सुटलेल्या माणसाने पहिली रात्र कुठे काढायची?

माणदेशी
आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात ती सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनियरची. खुनाची शिक्षा झालेले बंदी तिथे बायकापोरांसह राहतात, जमीन कसतात.

ही सोय शिक्षा संपेपर्यंतच का? चौदा वर्षांनी माणूस फाटकाबाहेर येतो तेव्हा हातात साठलेली मजुरी आणि एसटीचं भाडं. मधल्या काळात आईवडील गेलेले, रेशनकार्डावरून नाव उडालेलं, भावांनी वाटण्या करून घेतलेल्या. अशा माणसाला सहा महिने छप्पर, कागदपत्रं काढायला मदत आणि कामाला लावून देणारं कुणीतरी, एवढं सरकारने प्रत्येक जिल्ह्यात करावं. अमेरिकेत शिक्षेचे शेवटचे महिने अशा घरांत काढायची सोय आहे. दिवसा बाहेर कामाला जायचं, रात्री परत यायचं.

अपर्णा
माझा मावसभाऊ बांधाच्या भांडणात मारला गेला. मारणारा शिक्षा भोगून गावात परत आला. मावशी आजही त्याच्या दारावरून जावं लागू नये म्हणून लांबच्या वाटेने बाजारला जाते. इतक्या वर्षांत तिच्याकडे एकही सरकारी माणूस फिरकला नाही. मनोधैर्य योजना २०१३ मध्ये आली, पण ती बलात्कार, ॲसिडहल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी. खून झालेल्याच्या आईचं काय? आधी तिचं बघा.

माणदेशी
अपर्णाताई, मावशींचं आधी बघावं, याला माझी ना नाही. पण तो गावातच का आला? दुसरीकडे पाय ठेवायला जागा असती तर कदाचित आला नसता.

अपर्णा
त्याची जमीन तिथे आहे, म्हणून आला. तुम्ही म्हणता तशा घरात सहा महिने राहिला असता तरी सातव्या महिन्यात तिथेच आला असता.

लेथवाला
माझं चाकणला छोटं वर्कशॉप आहे. तुरुंगातून आलेले दोघे माझ्याकडे होते. एक चार महिन्यांत न सांगता गेला. दुसरा सहा वर्षं टिकला, आता नवी पोरं त्याच्याच हाताखाली शिकतात. पण त्याला खोली मिळेना. घरमालक पोलीस पडताळणीचा कागद मागायचे आणि तिथेच बोलणं थांबायचं. पावसाळाभर तो शेडमध्ये झोपला.

तरीही मी अशा घरांच्या विरोधात आहे. ‘सुटलेल्या कैद्यांचं घर’ असा पत्ता आधारकार्डावर लागला की तो जन्मभर चिकटला. शिक्षा भोगून झाली ना? मग पुन्हा वॉर्डन, हजेरी, रात्री आठची वेळ कशाला? त्याऐवजी सरकारने त्याच्या खोलीचं डिपॉझिट भरावं आणि घरमालकाला हमी द्यावी. चार भिंतींपेक्षा जामीन राहणारा माणूस महत्त्वाचा.

कोर्टातली
मी फौजदारी वकिली करते. तुम्ही सगळे शिक्षा झालेल्यांबद्दल बोलताय. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांची सुटकेची तारीख आधी ठरलेली नसते. जामिनाचा कागद संध्याकाळी पोचतो, माणूस अंधार पडल्यावर बाहेर येतो आणि शेवटची गाडी गेलेली असते. माझी एक अशील, जेमतेम विशीतली, रात्री साडेआठला सुटली. घरच्यांनी फोन उचलला नाही. ती रात्र तिने माझ्या घरी काढली. मी फोन उचलला नसता तर ती कुठे गेली असती, हा विचार अजून सुटत नाही. मुंबईत टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून अशा लोकांसोबत काम करतोय, पण एक संस्था कुठे कुठे पुरणार?

सहा महिन्यांचं नंतर ठरवू. आधी प्रत्येक कारागृहाजवळ रात्री उघडी असणारी एक खोली हवी, बायकांसाठी वेगळी.

माणदेशी
लेथवालेदादा, डिपॉझिटचं पटलं. पण खोली मिळेपर्यंत वकीलताई म्हणतात ती जागा लागणारच.

अपर्णा
त्या मुलीसाठी खोली हवी, मान्य. सहा महिने मला अजूनही मान्य नाहीत. आणि पैसे मंजूर होतील त्या दिवशी मावशीसारख्यांचं नाव यादीत वर असलं पाहिजे.