हात बघायचाच नाही, नुसता पेपर घ्यायचा? नेल टेकच्या लेखी परीक्षेबद्दल

नखरंग_कोथरूड:
नऊ वर्षं झाली नेल्स करतेय, म्हणजे नखं सजवायचं आणि वरून कृत्रिम नखं बसवायचं काम. आधी घरी, मग कोथरूडात दोन खुर्च्यांचा छोटा स्टुडिओ. नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियात होतेय, पुढच्या वर्षी जायचंय, आणि तिथे लायसन्सशिवाय पैसे घेऊन कुणाच्या नखाला हात लावता येत नाही. आधी ४०० तासांचं शिक्षण, मग परीक्षा. त्याला माझी ना नाही. पण परीक्षा म्हणजे नुसती लेखी! १ जानेवारी २०२२ पासून प्रॅक्टिकल बंदच करून टाकलंय तिथे. म्हणजे चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडला की झालं.

मला हे अजिबात पटत नाही. रोज रात्री ओटा आवरला की ते जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून बसते. इपोनिकियम, हायपोनिकियम, लुन्युला अशी नखाच्या भागांची नावं, ओनिकोलायसिससारखे नखांचे आजार, बोटांची हाडं, हाताचे स्नायू, पीएच. पाठ होतं आणि दोन दिवसांनी उडतं. आणि परवाच एक बाई आल्या, दुसरीकडे केलेलं हार्ड जेल काढायला. ई-फाइल, म्हणजे विजेवर फिरणारी कानस, टेकवली की जेलवर एक आवाज येतो, थर पातळ होत गेला की आवाज बदलतो, बोटाखाली वेगळं लागायला लागतं, त्या क्षणी हात उचलायचा असतो. अर्धा सेकंद उशीर झाला की नखात खाच, ती वाढून पुढे जाईपर्यंत चार-सहा महिने. हे कुठल्या पर्यायात बसवणार तुम्ही? माझं म्हणणं स्पष्ट आहे, लेखीला फार तर तीस मार्क ठेवा, बाकी सगळे हाताला.

स्किनओपीडी_सिस्टर:
ताई, तुमची मेहनत कळते, पण मी पूर्ण विरुद्ध मताची आहे. मी पुण्यातच स्किन ओपीडीत काम करते. पेशंट येते ती पापण्या सुजल्यात म्हणून. काजळ बदललं का, क्रीम बदललं का, सगळं विचारून होतं, आणि मग डॉक्टर म्हणतात हात दाखवा. बोटांची टोकं लाल, कातडी सोललेली, आणि नखांवर सुंदर जेल. काम करणारीचा हात चांगलाच होता, एक रेघ वाकडी नव्हती. पण न सुकलेलं जेल कातडीला लागत होतं, ते तिने पुसलं नाही, किंवा जेल एका कंपनीचं आणि ते सुकवायचा लॅम्प दुसराच, वरून कडक झालं आणि आत कच्चं राहिलं. त्यातल्या हेमा (HEMA) नावाच्या रसायनासारख्या अ‍ॅक्रिलेटची ॲलर्जी एकदा बसली की ती सहसा आयुष्यभर राहते, पुढे दाताच्या फिलिंगच्या वेळीही डॉक्टरांना सांगावं लागतं. आणि हेच जेल रोज हाताळणाऱ्या मुलींनाच ही ॲलर्जी जास्त होते. हे हाताला कळत नाही हो ताई, हे वाचूनच कळतं. वेळ पडली तर प्रॅक्टिकल सोडा पण लेखी सोडू नका, असं मी म्हणेन.

जेलवाली_धनकवडी:
मी घरीच करते. दहावी झालीये, इंग्रजी वाचायला जमत नाही, व्हिडिओ बघून आणि एका ताईंकडे सहा महिने बसून शिकले. महिन्याला घरभाडं निघतं यातून. आपल्याकडे नेल्ससाठी असं लायसन्स नाही आणि नकोच. माणसं मोजकीच असतील तर शॉप ॲक्टला नुसती माहिती दिली की पुरतं आणि ते बरंय. परीक्षा आणली की क्लासवाल्यांची फी, परीक्षेची फी, आणि माझ्यासारख्या बायका घरी बसणार, मोठी पार्लरं तेवढी राहणार. सिस्टर, तुमच्याकडे बिघडलेल्याच केस येतात, माझ्याकडे येणाऱ्या बायका तुमच्याकडे कधी येतच नाहीत ते तुम्हाला दिसणार कसं?

सदाशिव_३०:
मी क्लायंटच्या बाजूने बोलतो. माझ्या आईला गेली चौदा वर्षं शुगर आहे. मागच्या दिवाळीआधी तिला हौसेने पेडिक्युरला नेलं. मुलगी गोड बोलणारी, हात सफाईदार, पण तिने एकदाही विचारलं नाही की काकू तुम्हाला शुगर आहे का. टाच खरवडली, अंगठ्याच्या कोपऱ्यात निपर, ती कातडी कापायची छोटी पक्कड, घालून खोल कापलं. आईच्या पायाला संवेदना कमी, तिला काही लागलंच नाही, तिने रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. ती जखम भरायला अडीच महिने गेले, रोज ड्रेसिंग, आणि डॉक्टर प्रत्येक वेळी बोटाचा रंग बघायचे तेव्हा आमच्या पोटात गोळा. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण "डायबेटिस असलेल्या क्लायंटचं काय करावं" हा एक प्रश्न तिला पेपरात सोडवावा लागला असता तर तिने विचारलं असतं, असं मला आजही वाटतं.

नखरंग_कोथरूड:
दादा, वाचून वाईट वाटलं, आई आता बऱ्या आहेत ना? पण मी तरीही म्हणते, पेपरात उत्तर लिहिणं आणि समोर काकू बसल्यावर विचारणं यात फरक आहे. प्रॅक्टिकलला परीक्षक समोर असतो, तुम्ही क्लायंटला प्रश्न विचारले का, हात धुतले का, अवजार खाली पडल्यावर तेच उचलून वापरलं का, हे तो बघतो. लेखीत सगळेच हात धुतात.

हडपसर_ट्रेनर:
हे शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. मी मुलींना स्किल सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी तयार करतो, बारा वर्षं झाली. माझ्या एका बॅचमध्ये सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं की डिसइन्फेक्टंटमध्ये अवजार बुडवायच्या आधी साबणाने घासून धुवायचं, कारण घाण असली की औषध काम करत नाही, आणि मग बाटलीवर लिहिलीय तेवढी पूर्ण वेळ ठेवायचं, बऱ्याच औषधांना १० मिनिटं. सेंटरवर बघतो तर निपर पाण्यात एकदा बुचकळून थेट त्या निळ्या दिव्याच्या यूव्ही पेटीत. ती पेटी स्वच्छ झालेलं ठेवायला असते, तिने निर्जंतुक होत नाही, हेही त्यांनी पेपरात लिहिलं होतं!

पण म्हणून थिअरी फेका असं मी म्हणणार नाही. माझं भांडण भाषेशी आहे. आपल्या पार्लरमध्ये नखाच्या मुळाशी दिसेल त्या सगळ्याला क्युटिकल म्हणतात आणि सगळंच निपरने कापतात. पुस्तक म्हणतं की क्युटिकल म्हणजे नखाला चिकटलेला मेलेला पापुद्रा, तो काढायचा, आणि इपोनिकियम म्हणजे त्यामागची जिवंत कातडी, तिला कापायचं नाही, तो दरवाजा आहे, तो उघडला की जंतू आत. मी वर्गात इपोनिकियम म्हटलं की माना डोलतात. "इथे कापलं की नखुरडं होतं" म्हटलं की डोळे मोठे होतात, कारण नखुरडं प्रत्येकीने घरात पाहिलंय, ठणका माहितीये. पॅरोनिकिया म्हणजे तेच की! कॅलिफोर्नियात ही लेखी परीक्षा व्हिएतनामी भाषेत देता येते. १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत टिप्पी हेड्रन या अभिनेत्रीने वीस व्हिएतनामी बायकांना नेल्स शिकवायची सोय केली, तिथून त्या समाजात हा धंदा पसरला. मराठीत नीट पेपर काढा, मग बघू किती जणी घाबरतात.

जेलवाली_धनकवडी:
नखुरड्याचं मला आत्ता कळलं सर, मीपण सगळं कापत होते. खरं सांगते. पण मराठीत असलं तरी फी कोण भरणार?

स्किनओपीडी_सिस्टर:
ताई, फीचा मुद्दा मान्य, तो सरकारने उचलावा. पण एक विचारते, रविवार पेठेतून नख बनवायचं लिक्विड सुटं घेता का? लेबल नसलेली बाटली, वास नाकात जाणारा, आणि लावलेलं नख इतकं घट्ट की ॲसिटोनमध्ये भिजवूनही सुटत नाही? असं असेल तर त्यात एमएमए नावाचं रसायन असण्याचा संशय घ्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, १९७० च्या दशकात, लोकांची नखं खराब झाल्याच्या तक्रारी आल्यावर, शंभर टक्के एमएमए असलेली नेलची उत्पादनं कोर्टात जाऊन बाजारातून काढायला लावली. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए असतं. एक अक्षराचा फरक, स्वस्तातलं नख कुठे अडकलं तर तुटत नाही, खालचं खरं नख उपटून येतं. आणि युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ नावाचं जेल सुकवणारं रसायनही बंद केलं. बाटलीवरची अक्षरं वाचता येणं हीच थिअरी.

जेलवाली_धनकवडी:
सुटंच घेते. एकशेवीस रुपयांत येतं म्हणून. वास येतो, मी खिडकी उघडी ठेवते. मुलगी तिथेच अभ्यासाला बसते माझी.

नखरंग_कोथरूड:
ताई, ते उद्याच बंद करा, माझ्याकडे लेबलवाली बाटली आहे, घेऊन जा, पैशाचं नंतर बघू.

सिस्टर, एवढं वाचल्यावर मी तीस मार्कांवरून पन्नासवर येते, त्याच्या पुढे नाही. मला नऊ वर्षांत केमिकलच्या धड्याने पहिल्यांदा घाबरवलं हे कबूल. सरांचं ऐकून काल वही बदलली, प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे मी पाहिलेलं माणूस लिहिते. ओनिकोलायसिसपुढे त्या बँकेतल्या मॅडम, नख पुढून सुटून पांढरं झालं होतं. हिरव्या नखापुढे, म्हणजे सुडोमोनास या जंतूपुढे, ते पावसाळ्यात जेल सुटून आत पाणी साचलेलं कॉलेजचं पोर. असं केलं की राहतं डोक्यात. पण मला हे राहतंय ते त्या बायकांचे हात हातात घेतले म्हणूनच ना. ज्या पोरीने एकही हात धरला नाही तिने याच पुस्तकावर पास होऊन उद्या कुणाच्या तरी आईच्या पायाला ई-फाइल लावायची, हे मला आजही मान्य नाही.

सदाशिव_३०:
आई बरी आहे ताई. पण नख कापायला आता कुणाला हात लावू देत नाही, मीच कापतो रविवारी, चष्मा लावून. तुमचा मुद्दा बरोबर असेल, तरी मला दोन्हीतलं एकच निवडायला सांगितलं तर मी ती विचारणारी मुलगी निवडेन, हात थोडा कच्चा असला तरी.