मदत हवी आहे: फुल ड्रॉला पीप साइट फिरतेय

माझ्या कंपाऊंड बोला (टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं धनुष्य) नवीन स्ट्रिंग टाकल्यापासून पीप (नेम धरताना आरपार बघायची, स्ट्रिंगमध्ये बसवलेली छोटी भोकवाली रिंग) सरळ येतच नाहीये. बो नुसता हातात असताना ठीक दिसते, पण फुल ड्रॉला (स्ट्रिंग पूर्ण ओढून) गेलं की डावीकडे साधारण पाव फेरी वळते, भोक अर्धं झाकलं जातं आणि मग मान वाकडी करून बघावं लागतं, त्यात अँकर (ओढणारा हात चेहऱ्यावर टेकवायची ठरलेली जागा) बिघडतो तो वेगळाच. उंचीचा प्रॉब्लेम नाही, डोळे मिटून ड्रॉ करून उघडले तरी पीप बरोबर डोळ्यासमोर असते. रबर ट्यूबवाली (ट्यूबने ओढून सरळ होणारी) पीप नाही आणि ट्यूब लावायचीही नाही.

स्ट्रिंग आता सेटल झालीये, कॅमच्या खुणा हलत नाहीत. डी-लूप (स्ट्रिंगवरचा दोरीचा छोटा फास) थोडा फिरवून पाहिला, किंचित फरक पडला पण त्यात रिलीज (स्ट्रिंग ओढून सोडायचं हातातलं साधन) लावला की परत तेच. स्ट्रिंगचा एक स्ट्रँड (धागा) पीपच्या एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला घेतला तर उलट जास्तच फिरली, म्हणून परत होता तसा केला.

आता स्ट्रिंगच्या टोकाला अर्धा ट्विस्ट द्यायचा विचार आहे. त्यासाठी लागणारा बो प्रेस (बो दाबून स्ट्रिंग सैल करणारं यंत्र) उसना मिळतो, नेहमी नाही, म्हणून एकाच बैठकीत उरकायचंय.

तर पाव फेरीसाठी अर्धा ट्विस्ट पीपजवळच्या वरच्या टोकाला द्यायचा की खालच्या? आणि लांबी तीच राहावी, कॅमचं टायमिंग (फिरण्याचा मेळ) हलू नये म्हणून दुसऱ्या टोकाचा अर्धा ट्विस्ट काढला तर पीप गरजेपेक्षा जास्त फिरेल का?