लग्नाच्या मिस्सातील श्रद्धावंतांच्या प्रार्थना: दिवंगतांचा उल्लेख कसा करावा?

मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनाविधी; त्यात सर्वांच्या वतीने वाचायच्या पाच विनंत्या तयार आहेत: ख्रिस्तसभा (चर्च), जगात शांती, नवदांपत्य, आजारी व एकाकी माणसं, शेवटी दिवंगत. सुरुवात आणि समारोपाची प्रार्थना फादरच म्हणतील.

आधी प्रत्येक विनंती ‘हे प्रभो’नेच सुरू होत होती, प्रतिसादही ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’, त्यामुळे कानाला द्विरुक्ती खटकायची. आता ‘...साठी, आपण प्रभूकडे प्रार्थना करू या’ असं केलंय. निम्मे पाहुणे कॅथलिक नाहीत, म्हणून प्रतिसाद पत्रिकेत छापलाय.

अडलंय ते शेवटच्या विनंतीत. वधूचे वडील नुकतेच वारले. नाव घेतलं तर वाचणाऱ्या बहिणीचा कंठ दाटेल, नाही घेतलं तर आईला लागेल. वाचक बदलणं शक्य नाही. दोन्ही घरच्या दिवंगतांना सामावणारी, नाव असलेली पण दोन ओळींत संपणारी शब्दरचना कुणी सुचवेल का?