शेवट उघडा ठेवला ही तक्रार नाहीच माझी

चाळीतल्या खुनाच्या त्या कथेत खुनी कोण ते न सांगून लेखकाने वाचकाला फसवलं असं वरच्या प्रतिक्रियांमध्ये बरेच जण म्हणतायत, मला नाही पटत. काल दादर ते ठाणे उभ्याने परत वाचली. काकू सुरुवातीलाच म्हणतात दाराला आतून कडी होती, आणि शेवटाकडे सुतार सहज बोलून जातो की ती कडी गणपतीच्या आधीच निखळलेली, म्हणजे काकू खोटं बोलतायत हे आपल्यासमोर ठेवलंय की! का बोलतायत ते आपण ठरवायचं. अमेरिकन लेखक स्टॉकटनच्या १८८२ सालच्या 'द लेडी ऑर द टायगर' या कथेत एका दारामागे सुंदरी, दुसऱ्यामागे वाघ, आणि तिथे पण शेवटी उघडलेल्या दारातून कोण बाहेर आलं ते सांगितलेलं नाही, लोक अजून वाद घालतात.

पण ती चिठ्ठी! इन्स्पेक्टर वाचतो, घडी घालून खिशात टाकतो आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही, तिथे मात्र मला खरंच राग आला. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथालेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम दिले त्यात हे स्पष्ट आहे, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. उत्तर नका देऊ हो, पण चिठ्ठी तरी दाखवा ना.